बारा तास गोदाघाट: केबलच्या स्थानिक चॅनलवर संथ थेट प्रक्षेपण कसं करायचं

स्थानिक चॅनलकडे वेळ भरपूर असतो आणि दाखवायला माल कमी. म्हणून सकाळी भक्तिगीतं, दुपारी जुनेच कार्यक्रम, संध्याकाळी उद्घाटनं आणि सत्कार, मधल्या फटीत वाढदिवसाच्या शुभेच्छा असं चक्र फिरत राहतं. खरं तर हा मोकळा वेळ हेच अशा चॅनलचं भांडवल आहे. मोठ्या वाहिनीच्या बातमीत नाशिकच्या गोदाघाटाला एक-दीड मिनिट मिळतं. तुम्ही तोच घाट पहाटे साडेपाचपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत, एकही तुकडा न कापता दाखवू शकता. निवेदक नाही, मुलाखत नाही, पार्श्वसंगीत नाही.

नॉर्वेच्या एनआरके या सार्वजनिक वाहिनीने २००९ मध्ये बर्गन ते ऑस्लो हा सात तासांहून जास्त वेळाचा रेल्वेप्रवास पूर्णच्या पूर्ण दाखवला. २०११ मध्ये तिनेच किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजाचा १३४ तासांचा प्रवास थेट दाखवला. आपल्याकडे गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या पीज इथे १९७५ पासून इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने स्थानिक प्रक्षेपण चालवलं. त्यात गावकरी, त्यांची बोली आणि त्यांचे प्रश्न पडद्यावर आले, आणि १९८४ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आपला परिसर सावकाश आणि जवळून दाखवला तर लोक बसून बघतात, हे दोन्हीकडे दिसलं.

आधी परवानगी आणि करार

तुमचा कार्यक्रम घरोघरी जाणार तो केबलच्या मुख्य कंट्रोल रूममधून, म्हणजे एमएसओकडून (मल्टी-सिस्टीम ऑपरेटर, गावोगावच्या केबलवाल्यांना चॅनल पुरवणारी कंपनी). एमएसओ स्वतःची जी स्थानिक चॅनल चालवतो त्यांना सरकारी भाषेत ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणतात. त्यांच्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. प्रत्येक चॅनलची ऑनलाइन नोंदणी लागते, तिची फी १,००० रुपये आहे. चॅनल सुरू असताना पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ अशी ओळख दिसावी लागते आणि दाखवलेल्या प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ९० दिवस सांभाळावं लागतं. ही जबाबदारी एमएसओची असली तरी नोंदणी झाली आहे का आणि रेकॉर्डिंग नेमकं कोण ठेवणार, हे तुम्ही पहिल्याच भेटीत विचारा आणि कागदावर घ्या. एका एमएसओची स्थानिक सेवा दुसऱ्या केबल किंवा डीटीएच कंपनीला देता येत नाही. मंदिर, गुरुद्वारा अशा धर्मस्थळांच्या थेट दृश्यांना मात्र या मनाईतून सूट आहे.

घाटासाठी महानगरपालिका आणि स्थानिक पोलीस ठाणे, दोघांनाही लेखी पत्र द्या. पुरोहित संघाला आधी भेटा, कारण सकाळी सहा वाजता तुमच्या माणसाला ‘इथे काय चाललंय’ असं विचारणारे पहिले तेच असतील. ज्या गच्चीवर कॅमेरा लावायचा त्या घरमालकाची सही घ्या, त्यात वीज आणि रात्रीची ये-जा यांचा स्पष्ट उल्लेख असू द्या. ड्रोनचा विचार सोडून द्या. नाशिकच्या आसपास लष्कराचे परिसर आणि हवाई तळ आहेत, शिवाय गर्दीच्या डोक्यावर यंत्र उडवणं धोक्याचं आहे. या कार्यक्रमाला हलतं दृश्य लागतही नाही.

जागा आणि चौकट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चौकट चुकली तर बारा तास चुकतात.

रामकुंडावर लोक आंघोळ करतात, बायका तिथेच कपडे बदलतात, आणि कुणी आपल्या माणसाच्या अस्थी घेऊन आलेलं असतं. यातलं काहीही जवळून दाखवायचं नाही. नियम सोपा ठेवा: पडद्यावर माणसाचा चेहरा ओळखू येत असेल तर कॅमेरा फार जवळ आहे. आंघोळीच्या पायऱ्या आणि पिंडदानाची जागा चौकटीबाहेर राहतील अशी गच्ची शोधा. चौकटीत पाणी हवं, नदीपात्रातला दुतोंड्या मारुतीचा पुतळा हवा, पटांगणाचा काही भाग हवा आणि वर थोडं आकाश. झूम दिवसभर एकाच जागी बांधून ठेवा. कुणी कितीही म्हटलं तरी ‘जरा जवळ घ्या’ नाही.

दिशा ठरवताना सूर्य बघा. सराफ बाजाराच्या बाजूने पंचवटीकडे तोंड केलं तर मंदिरांची शिखरं सुंदर दिसतात, पण सकाळी सूर्य सरळ भिंगात येतो आणि दहापर्यंत चित्र पांढरं पडतं. दुपारनंतर हीच बाजू उत्तम. घाटावरची खरी गजबज सकाळची असते, म्हणून एकच कॅमेरा असेल तर पंचवटीच्या बाजूच्या गच्चीवरून गावाकडे बघणारी चौकट घ्या. दोन असतील तर दोन्ही काठांवर लावा आणि दिवसातून एकदाच, दुपारी, एकावरून दुसऱ्यावर जा.

वार बुधवार निवडा. आठवडे बाजारामुळे पटांगण रिकाम्यापासून भरण्यापर्यंत आणि पुन्हा मोकळं होण्यापर्यंत पूर्ण दिसतं. संथ कार्यक्रमाला अशी हळूहळू बदलणारी गोष्ट लागते. वर्दळ सतत सारखीच राहिली तर अर्ध्या तासात डोळा थकतो.

कॅमेरा

महागडा मिररलेस कॅमेरा या कामाला वाईट. बरेच मिररलेस उन्हात तापून बंद पडतात आणि काही अर्ध्या तासाला रेकॉर्डिंग थांबवतात. लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडचा चांगला हँडीकॅम भाड्याने घ्या. तो अडॉप्टरवर दिवसभर चालतो, लहान सेन्सरमुळे जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट राहतं. त्याच्या एचडीएमआय (घरच्या टीव्हीची जोडणी) किंवा एसडीआय (स्टुडिओतली, लांब वायरीवर चालणारी जोडणी) आउटपुटवर बॅटरीची खूण, लाल ठिपका वगैरे काही दिसत नाही ना, ते घरी टीव्हीला जोडून बघा.

मेनूमध्ये आधी पाल (PAL, आपल्याकडची टीव्हीची पद्धत) निवडा आणि सेकंदाला २५ फ्रेम किंवा ५०आय ठेवा. बहुतेक मोबाइल ३० फ्रेमवर चित्र घेतात. केबलच्या यंत्रणेत ते २५ वर आणलं की वाहतं पाणी अडखळत चालल्यासारखं दिसतं. शटर १/५० ठेवा, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे घाटावरचे दिवे लुकलुकणार नाहीत. ऑटोफोकस बंद करा, कारण संधिप्रकाशात तो पुढेमागे शोधत बसतो. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझरही बंद, नाहीतर चित्र सावकाश सरकतं आणि परत जागेवर उडी मारतं. व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनवर कायम ठेवा. पहाट निळी आणि संध्याकाळ सोनेरी दिसली पाहिजे. ऑटोवर ठेवलात तर दिवसभर एकच फिकट रंग राहील आणि वेळ सरकल्याचं कळणारच नाही.

उजेड मात्र हाताने सांभाळावा लागतो. शटर न बदलता आयरिस (भिंगाचं छिद्र) आणि एनडी फिल्टरने (उजेड कमी करणारी काच), दर पंधरा-वीस मिनिटांनी अगदी थोडा बदल करा. पहाटेच्या पहिल्या तासात दर पाच मिनिटांनी. शार्पनेस दोन पायऱ्या कमी ठेवा, कारण दगडी पायऱ्यांच्या बारीक आडव्या रेघा जुन्या टीव्हीवर थरथरतात.

ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला वाळूची पिशवी टांगा. पाय पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर ठेवू नका. मोटर सुरू झाली की चित्र थरथरतं, आणि दिवसातून किती वेळा मोटर लागते ते गच्चीवर उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

आवाज

लोक टीव्ही लावून स्वयंपाकघरात जातात. तिथून त्यांना घाट ऐकू आला पाहिजे. म्हणून चित्राइतकीच, कदाचित जास्तच, मेहनत आवाजावर घ्या.

गच्चीवरच्या माइकमध्ये फक्त रस्त्यावरचे हॉर्न येतात. माइक खाली, पाण्याच्या जवळ हवा. दोन एकसारखे कंडेन्सर माइक १५-२० सेंटीमीटर अंतरावर, बाहेरच्या बाजूला थोडे वळवून लावा. दोघांवर केसाळ वाराबंद आवरण चढवा, साध्या फोमने घाटावरचा वारा थांबत नाही. मिक्सरवर ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापा, ट्रकची घरघर तिथेच असते. माइकची तीन पिनांची एक्सएलआर वायर शंभर मीटरपर्यंत बिनधास्त जाते. वायरलेस घेऊ नका, कारण गर्दीत दुसऱ्या कुणाचा तरी माइक मध्ये घुसतोच.

माइक कपडे धुणाऱ्यांपासून आणि बसायच्या कट्ट्यांपासून लांब ठेवा. खासगी बोलणं ऐकू येणं हे चेहरा दाखवण्यापेक्षा वाईट. पाण्याचा आवाज, धोपटण्याचा धपधप, घंटा, कबुतरांची फडफड, बाजारातली हाळी हे सगळं हवं; संवाद नको. ठेवलेल्या जागी हेडफोन लावून दहा मिनिटं ऐका, शब्द कळत असतील तर जागा बदला.

आवाजाचे सर्वोच्च टोक उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, लिमिटर लावा. संध्याकाळी आरतीचे ध्वनिक्षेपक सुरू झाले की दिवसभर नीट असलेली पातळी फुटते, त्या आधी पाच मिनिटं कुणीतरी मिक्सरपाशी हवंच. ध्वनिक्षेपकावर सिनेमाची गाणी लागली तर त्यांच्या हक्कांचा प्रश्न येतो. त्या वेळी खालचा माइक हळूच कमी करून पाण्याच्या अगदी जवळ ठेवलेला तिसरा माइक वर आणा. एकदम शांतता करू नका, प्रेक्षकाला वाटतं टीव्ही बिघडला.

कानात बारीक ‘हूंऽऽ’ असा आवाज येत असेल तर ती ५० हर्ट्झची घरघर आहे. मिक्सर एका मीटरच्या विजेवर आणि लॅपटॉप दुसऱ्यावर असला की हे होतं. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर आणा. तरीही राहिलं तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स घाला. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय कधीही करू नका, विशेषतः ओल्या घाटावर.

घाटापासून कंट्रोल रूमपर्यंत

एचडीएमआय वायर दहा मीटरपुढे भरवशाची नाही. त्यापेक्षा लांब जायचं असेल तर एसडीआय वापरा. तिला ७५ ओहमची वायर लागते, आणि केबलवाल्याकडची आरजी-६ तशीच असते, फक्त टोकाला बीएनसी कनेक्टर हवेत. स्वस्त आरजी-६ ची जाळी विरळ असते, ती ४० मीटरच्या आत ठेवा आणि आदल्या दिवशी तासभर तपासा. एसडीआय हळूहळू बिघडत नाही. आधी चित्रात ठिपके चमकतात आणि थोडं अंतर वाढवलं की चित्र संपूर्ण जातं.

मोबाइलच्या इंटरनेटवर भिस्त ठेवू नका. पर्वणीला किंवा नुसत्या सणाच्या गर्दीतही टॉवर भरतो, आणि डाउनलोड बरा दिसला तरी अपलोड कोसळलेला असतो. त्या भागातला केबल ऑपरेटर बहुधा फायबरही देतो. त्याच्याकडून त्याच गच्चीपर्यंत तात्पुरती लाइन ओढून घ्या. वेगळ्या कंपनीचं सिम असलेला राउटर राखीव ठेवा. लाइन तपासायची ती बुधवारी सकाळी आठला, रविवारी दुपारी नाही.

एन्कोडरमध्ये (चित्र आकुंचित करून लाइनवर पाठवणारं यंत्र) १०८०पी २५, एच.२६४, दर दोन सेकंदांनी की-फ्रेम (पूर्ण चित्र), आणि ५ ते ६ एमबीपीएस ठेवा. स्थिर कॅमेऱ्याला कमी बिटरेट पुरतो हे इमारतीच्या बाबतीत खरं. वाहतं पाणी, पाऊस आणि पिंपळाची पानं यांचा प्रत्येक कण प्रत्येक फ्रेममध्ये बदलतो, त्यामुळे २ एमबीपीएसवर गोदावरीचे चौकोनी तुकडे दिसतात. ५ एमबीपीएसने बारा तासांत सुमारे २७ जीबी डेटा जातो, सिमचा प्लॅन त्या हिशोबाने घ्या. इंटरनेटवरून चित्र पाठवायच्या एसआरटी आणि आरटीएमपी अशा दोन पद्धती आहेत. कंट्रोल रूम एसआरटी घेत असेल तर तेच निवडा, हरवलेले तुकडे ते परत मागून घेतं. आरटीएमपीवर लाइन डगमगली की चित्र अडकतं आणि उशीर वाढत जातो.

आता संथ प्रक्षेपणातली सगळ्यात फसवी अडचण. चित्र गोठलं तरी कुणाला कळत नाही. सकाळी पावणेसहाचा शांत घाट आणि अडकलेली फ्रेम यांत पडद्यावर फरक दिसत नाही, कंट्रोल रूममधला मुलगा पंचवीस-तीस चॅनलच्या छोट्या चौकटींवर नजर फिरवत असतो. म्हणून कोपऱ्यात सेकंदांसह चालणारं घड्याळ टाका, आणि ते गच्चीवरच्या लॅपटॉपमधूनच टाका. कंट्रोल रूममध्ये टाकलेलं घड्याळ चालतच राहील आणि मागचं चित्र मेलेलं असेल. उलटही होतं: काही ठिकाणी चित्र हललं नाही की आपोआप दुसरा कार्यक्रम लावणारी यंत्रणा असते. ती त्या दिवसापुरती बंद करायला सांगा. आवाजावर बसवलेला इशारा मात्र चालू राहू द्या.

वीज

कॅमेरा, लॅपटॉप, एन्कोडर, राउटर आणि मिक्सर मिळून साधारण १३० वॉट लागतात. १२ व्होल्ट १५० एएचच्या घरगुती बॅटरीत १,८०० वॉट-तास असतात, पण अर्ध्यापर्यंतच वापरावी आणि इन्व्हर्टरमध्ये आणखी वीस टक्के जातात. हाती उरतात ७२० वॉट-तास, म्हणजे साडेपाच तास. पूर्ण दिवस बॅटरीवर काढायचा तर तीन बॅटऱ्या लागतील. एका बॅटरीचा इन्व्हर्टर मुख्य विजेवर लावून ठेवला तर नेहमीच्या खंडितपणाला पुरतो. साध्या इन्व्हर्टरचा चौकोनी लहरींचा प्रवाह आवाजात किरकिर आणतो, शुद्ध साइन वेव्हचा घ्या. सगळ्या अडॉप्टरना चिकटपट्टी लावा आणि बोर्डावर ‘काढू नये’ असं मोठ्या अक्षरात लिहा, कारण गच्चीवर कुणीतरी मोबाइल चार्ज करायला येणारच.

पडद्यावरची अक्षरं, जाहिराती, रेकॉर्डिंग

तासातून दोनदा, वीस सेकंद, एक ओळ: ठिकाण, वेळ, आणि एखादी उपयोगी माहिती. बास. ठळक देवनागरी फॉन्ट वापरा. बऱ्याच घरांत अजून ५७६ रेषांचं चित्र जातं, तिथे बारीक अक्षरातल्या मात्रा आणि रफार गायब होतात. कडांपासून दहा टक्के जागा सोडा.

चित्राच्या खाली जाहिरातींची पट्टी फिरवू नका. बऱ्याच स्थानिक चॅनलवर ती दिसते, पण केबल टेलिव्हिजन नियमांतल्या जाहिरात संहितेत कार्यक्रमासोबत खालच्या भागात अशी जाहिरात चालवायला मनाई आहे. तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती चालतात, त्यातली दोन स्वतःच्या चॅनलच्या प्रसिद्धीची. आमचं मत असं की दर तासाच्या ठोक्याला तीन मिनिटं पुरेशी आहेत आणि पहाटेचे पहिले दोन तास एकही जाहिरात नसावी. प्रायोजकाचं नाव सुरुवातीला आणि शेवटी घ्या. पेढीवाले, चिवडेवाले, भांड्यांचे व्यापारी यांना ही मांडणी समजावून सांगितली तर पटते.

गच्चीवर स्वतंत्र रेकॉर्डिंग करा आणि ते एमकेव्हीमध्ये करा. वीज गेली तर अर्धवट एमपी४ फाइल उघडत नाही, एमकेव्ही उघडते. ९० दिवसांच्या साठ्यासाठी ५ एमबीपीएसने रोज ५४ जीबी, म्हणजे एकूण सुमारे ४.९ टीबी होतात. १.५ एमबीपीएसची हलकी प्रत ठेवली तर दीड टीबीत भागतं.

माणसं तीन लागतात, चार-चार तासांची पाळी, बदलताना पंधरा मिनिटं दोघांनी एकत्र बसायचं. एकजण दिवसभर करेन म्हणाला तरी नाही म्हणा. दुपारी दोनला झोप येते आणि उजेड तेव्हाच बदलतो.

पुराच्या दिवशी

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सगळं नाशिक दुतोंड्या मारुतीकडे बघतं. पाणी गुडघ्याला, कमरेला की छातीला, यावर सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात. त्या दिवशी हे प्रक्षेपण शहराच्या खऱ्या उपयोगाचं असतं, म्हणून यंत्रसामग्री जूनपासूनच बांधून तयार ठेवा.

कॅमेरा घाटावर न्यायचा नाही. खालचे माइक, वायरी आणि बोर्ड पाणी वाढायच्या आधी उचला, आवाज गच्चीवरच्या माइकवर घ्या. वीज वरच्या मजल्यावरून आणि ईएलसीबीमधून (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) घ्या. भिंगाच्या वर छत्री नको, वाऱ्याने ती ट्रायपॉडसकट जाते. कॅमेऱ्याला पावसाचं कव्हर आणि भिंगासमोर खोल हूड लावा, दर दहा मिनिटांनी कोरड्या सुती कापडाने पुसा. चौकट थोडी आवळा, मारुती पडद्याच्या उंचीच्या निम्मा तरी दिसू द्या. गंगापूरचा विसर्ग आणि होळकर पुलाखालचा प्रवाह क्युसेकमध्ये लिहाल तो फक्त जलसंपदा विभागाने किंवा प्रशासनाने जाहीर केलेला, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो किती वाजताचा आहे हे लिहा. दोन तासांपूर्वीचा आकडा वेळ न घालता दाखवला तर कुणीतरी त्यावर विसंबून दुकानात थांबेल. रात्री अंधारात मारुती दिसत नसेल तर चित्र चालू ठेवा, पण ‘अंधारामुळे पातळी दिसत नाही’ ही ओळ कायम ठेवा.

पुढचे विषय

लासलगावचा कांदा लिलाव उत्तम चालतो, पण तिथे गाडीगणिक पुढे सरकणाऱ्या घोळक्याबरोबर चालणारा, लांब दांड्यावर माइक धरणारा बूम माइकवाला हवा, नाहीतर बोली ऐकूच येत नाही. कामदा एकादशीच्या रामरथ आणि गरुडरथाच्या मिरवणुकीला तीन स्थिर कॅमेरे मार्गावर लावा आणि रथ येण्याआधीचा रिकामा रस्ताही दाखवा. रंगपंचमीला नाशकातल्या रहाडींपाशी (रंगाच्या पाण्याने भरलेले जमिनीतले हौद), तिवंधा चौकात किंवा शनि चौकात, कॅमेरा समोरच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर काचेमागे ठेवा. रहाडीत उडी पडली की रंगाचं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत सहज येतं, आणि वाळलेला रंग भिंगावरच्या लेपातून निघत नाही.